नागपूर, भोपाळ, रायपूर : एका तक्रारीचा प्रवास

बाबांच्या कपाटात एक खाकी फाईल होती. वर त्यांच्या वळणदार अक्षरात फक्त ‘फ्रिज’ एवढेच लिहिलेले. बाबा गेल्यानंतर कागदपत्रे लावताना ती हाती लागली. आत एक पक्के बिल, वॉरंटी कार्ड, रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या, जिल्हा उपभोक्ता फोरमच्या आदेशाची नक्कल आणि सगळ्यात शेवटी, टाचणीने एकत्र टोचलेली, रायपूर-भोपाळ प्रवासाची तिकिटे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मनात बिंबाजी भोसले होते. रायपूरच्या मराठी माणसाने इतिहास म्हटला की भोसल्यांपासून सुरुवात करायची, हा आपला रिवाजच आहे! पण ती तिकिटे पाहिली आणि वाटले, की या गावातल्या साध्या खरेदीदाराला दाद मागायला कुठवर जावे लागत होते, हाही इतिहासच आहे. आणि गंमत म्हणजे त्यातही भोसले येतातच.

आधी फ्रिजची हकीकत सांगतो. १९९४ चा उन्हाळा. नवतपा सुरू व्हायच्या आत घरात फ्रिज यावा म्हणून बाबांनी ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढले. सव्वा महिन्यात त्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. दुकानदार म्हणे कंपनीला लिहा, कंपनी म्हणे दुकानदाराकडे जा. उन्हाळा संपला, पावसाळाही संपत आला, फ्रिज कपाटासारखा उभा. आईने त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायला सुरुवात केली होती. शेवटी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितले, फोरममध्ये अर्ज करा. कोर्ट फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहिले तरी चालते. बाबांनी हिंदीत अर्ज लिहिला. त्या कार्यालयाचे नाव ‘जिला उपभोक्ता विवाद प्रतितोषण फोरम’. यातला ‘प्रतितोषण’ हा शब्द बाबांनी तीनदा खोडून लिहिल्याचे कच्च्या प्रतीत दिसते. वर्षभराने निकाल लागला. फ्रिजची किंमत परत आणि खर्चापोटी पाचशे रुपये. आईने शेजारी पेढे वाटले.

मग कंपनीने अपील केले, आणि अपील होते भोपाळला.

रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. जिल्हा फोरमच्या आदेशावरचे अपील राज्य आयोगाकडे आणि राज्य आयोग राजधानीत. छत्तीसगढ एक्सप्रेसमध्ये बसायचे, नागपूर, इटारसी करत भोपाळ गाठायचे. साडेसहाशे किलोमीटरहून जास्त अंतर. कंपनीचे वकील भोपाळचेच होते. पहिल्या तारखेला त्यांनी मुदत मागून घेतली. दुसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस बाहेर चहाच्या टपरीवर बाबांना भेटला. म्हणाला, साहेब, कॉम्प्रेसर बदलून देतो, कशाला हेलपाटे घालता? बाबांनी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. दोन वेळचे जाण्यायेण्याचे भाडे, लॉजचे पैसे, खर्ची पडलेल्या रजा, आणि पुढे किती तारखा ते देवालाच ठाऊक. त्यांनी तडजोडीच्या कागदावर सही केली. नव्या कॉम्प्रेसरचा तो फ्रिज पुढे सात वर्षे घरघर करत चालला. “केस जिंकलो, पण फ्रिज तोच राहिला,” असे आई म्हणायची.

कायद्याने बाबांना हक्क दिला होता, आदेशही दिला होता. हरवले ते अंतराने. आणि हे अंतर काही १९९४ साली निर्माण झाले नव्हते.

१७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीनंतर छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत स्वतः रतनपूरला राहून कारभार पाहत होते, तेवढाच काय तो काळ राज्यकर्ता या मुलखात जवळ होता. त्यांच्या पश्चात सुभेदार आले आणि शेवटचा शब्द नागपूरचा झाला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीचा काळ सुरू झाला. कॅप्टन अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले, पण त्यांचेही वरिष्ठ, रेसिडेंट जेंकिन्स, नागपूरला बसत. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याचीही राजधानी नागपूर. ती १९५६ पर्यंत. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा याच काळात कारकून, मास्तर, वकील, रेल्वेचे नोकर म्हणून इकडे आले आणि बुढापारा, तात्यापारा या भागात स्थिरावले. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली. आपली गाडी मात्र नागपूरवरूनच जात राहिली!

या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत बाजारात फसलेल्या माणसाने जायचे कुठे? जुन्या मराठी राज्यात शहराच्या बाजारावर नजर ठेवण्याचे काम कोतवालाचे असे. पेशवाईतल्या पुण्यात वस्तूंचे निरख, म्हणजे भाव, ठरवणे, वजनमापे तपासणे, बाजारातली भांडणे मिटवणे ही कोतवाल चावडीची कामे होती. पण चावडीत न्याय मिळेल की मार, हे चावडीत बसलेल्या माणसावर अवलंबून. घाशीराम कोतवालाचे काय झाले ते आपण नाटकामुळे जाणतोच. १७९१ मध्ये चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. त्याच्याही कितीतरी आधी कौटिल्याने अर्थशास्त्रात बाजारासाठी संस्थाध्यक्ष आणि वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष असे दोन वेगळे अधिकारी सांगितले आहेत. वजनांची तपासणी दर चार महिन्यांनी व्हावी आणि शिक्का नसलेले वजन वापरल्यास सव्वासत्तावीस पण दंड व्हावा, इतक्या बारकाईने. दंड राजाच्या तिजोरीत जाणार हे मात्र लक्षात घ्यावे. ज्याला कमी तोलून मिळाले त्याच्या हातात काय पडणार, याविषयी हे जुने ग्रंथ फारसे बोलत नाहीत. माझ्या मते जुन्या आणि नव्या व्यवस्थेत खरा फरक हाच आहे.

वजनमापांवर थोडे थांबतो, कारण या गावच्या बाजाराची खरी गोष्ट तिथे आहे. इथे धान काठ्याने मोजायचे. वीस काठ्यांची एक खांडी. आपल्याकडच्या पायलीसारखेच हे मापाचे भांडे, आणि मापाच्या भांड्याचा जुना रोगही तोच. घेताना शीग लावून घ्यायचे, देताना वरून हात फिरवून सपाट द्यायचे. किराणा शेर-छटाकात, सोने तोळ्यात. गावागणिक शेर निराळा. १९५६ मध्ये मानक वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला शेर कायद्याने मोडीत निघाला. त्याच्या थोडे आधी, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले होते. आमची आजी शेवटपर्यंत ‘पावशेर’ म्हणत असे आणि दुकानदार मुकाट्याने अडीचशे ग्रॅम देत असे. जुना पावशेर भरतो सुमारे दोनशे तेहतीस ग्रॅम, म्हणजे आजी नकळत फायद्यात होती!

या बदलाबरोबर बाजारात वावरणारे एक सरकारी खाते लोकांच्या ओळखीचे झाले. महाराष्ट्रात वजनमापे खाते, इकडे नापतौल. निरीक्षक येतो, वजने तपासतो, त्यावर शिक्का उठवतो, प्रमाणपत्र देतो. हे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते. आज हे काम २००९ च्या विधिक मापविज्ञान कायद्याखाली चालते, जो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी व्हावी लागते. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे शिक्क्याचे माप ठेवलेले असते आणि शंका आली तर ग्राहक त्यात मोजून दाखवायला सांगू शकतो. किती जण सांगतात? मी स्वतः आयुष्यात एकदाच सांगितले, तेही मागच्या रांगेतले हॉर्न ऐकत. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते, तेव्हा घरी आणणाऱ्याकडून वजन करून घेणे हा दोन मिनिटांचा खेळ आहे. पण नापतौल खाते दुकानदाराला दंड करते, आपल्याला भरपाई देत नाही. ती वाट वेगळी, आणि ती खूप उशिरा उघडली.

ती उघडण्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे, हे आपल्या मुलांना माहीत असावे. १९६६ मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन ग्राहकांची संघटना काढली. १९७२ च्या दुष्काळ-महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायकांचे लाटणे मोर्चे निघाले. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. हेच बिंदुमाधव १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तीच्या लढ्यात होते, आणि त्याच लढ्यातले त्यांचे सोबती, आपले बाबूजी सुधीर फडके, १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या कामात होते. गाण्याच्या मैफलीइतक्याच आस्थेने तेल-डाळीच्या एकत्रित खरेदीत लक्ष घालणारा संगीतकार दुसरा सांगता येणार नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र घ्यायचा आणि वाटून घ्यायचा, ही मुंबईतली रीत. ग्राहकासाठी वेगळा कायदा हवा, ही मागणी या मंडळींनी लावून धरली.

या चळवळीने ‘ग्राहक’ हाच शब्द वापरला. आपण इकडे ‘उपभोक्ता’ म्हणतो. दोन्ही संस्कृतच, पण मला पहिला शब्द अधिक बरा वाटतो. ग्राहक म्हणजे घेणारा, पारखून घेणारा. उपभोक्ता म्हटले की कोणीतरी लोडाला टेकून बसला आहे असे वाटते. असो.

जगात इतरत्रही वारे फिरत होते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ ला ग्राहकांचे हक्क संसदेपुढे मांडले, १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायद्यावर २४ डिसेंबर १९८६ ला राष्ट्रपतींची सही झाली. जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी तीन पायऱ्यांची रचना. जिल्ह्याच्या पीठात जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे अध्यक्ष आणि आणखी दोन सदस्य. त्यातली एक समाजकार्य करणारी स्त्री असलीच पाहिजे, असे मूळ कायद्यात होते. हे मला त्या कायद्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते. मिक्सर जळाला म्हणजे नेमके काय होते, हे समजणारे कोणीतरी समोर बसलेले असले पाहिजे!

कायदा झाला तरी कार्यालये लगेच झाली नाहीत. राष्ट्रीय आयोग न्यायमूर्ती बालकृष्ण एराडी यांच्या अध्यक्षतेखाली १९८८ मध्ये सुरू झाला, पण कितीतरी जिल्ह्यांत मंच केवळ कागदावर होते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि न्यायालयाने राज्यांमागे तगादा लावला, तेव्हा नव्वदीच्या सुरुवातीला जिल्ह्याजिल्ह्यात खुर्च्या-टेबले लागली. १९९३ मध्ये घरबांधणी प्राधिकरणे आणि १९९५ मध्ये पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर व रुग्णालये या कायद्याच्या कक्षेत येतात, असे निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिले. बाबांनी अर्ज केला तो याच भरभराटीच्या काळात.

मग १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ राज्य झाले. उच्च न्यायालय बिलासपूरला गेले, त्याबद्दल रायपूरच्या वकीलमंडळींनी बरीच हळहळ केली. पण ग्राहकांचा राज्य आयोग रायपूरला आला, आणि याचा गवगवा कोणी केला नाही. अपीलासाठी लागणारा रात्रभराचा प्रवास ऑटोच्या भाड्यावर आला.

याचा अर्थ काय, ते आमच्या शेजारच्या काकूंनी दाखवले. साधारण २००७ सालची गोष्ट. काका गेल्यावर त्यांच्या आजारपणाचा साठ हजारांचा विम्याचा दावा एका कंपनीने ‘आजार आधीपासूनचा होता’ म्हणून नाकारला. काकू मॅट्रिक, कधी बँकेत एकट्या गेलेल्या नाहीत. जिल्हा फोरममध्ये त्या जिंकल्या, आणि अगदी बाबांसारखेच कंपनीने अपील केले. पण या वेळी दोन गोष्टी बदललेल्या होत्या. एक म्हणजे अपील रायपूरलाच. दुसरी म्हणजे मार्च २००३ पासून लागू झालेली दुरुस्ती, जिच्यामुळे अपील करणाऱ्याला आदेशातल्या रकमेच्या निम्मे किंवा पंचवीस हजार, यांपैकी जे कमी असेल ते आधी भरावे लागे. नुसते लांबवण्यासाठी अपील करणे फुकट राहिले नव्हते. काकू पाच तारखांना गेल्या. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि काकांच्या तपासण्यांचे सगळे कागद तारखेप्रमाणे शिवलेले. आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत त्या उभ्या राहून बोलल्या, की हा आजार सापडला ती पहिली चिठ्ठी पॉलिसीनंतर चौदा महिन्यांची आहे, त्याआधीची एक तरी चिठ्ठी कंपनीने दाखवावी. कंपनीला दाखवता आली नाही. अपील फेटाळले गेले.

भोपाळला पाच वेळा काकू गेल्या असत्या का? मला नाही वाटत.

२०१९ मध्ये जुना कायदा जाऊन नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. फोरमचे नाव आता ‘आयोग’. त्यातली एक तरतूद रायपूरकर मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावी. पूर्वी तक्रार करायची तर समोरच्याचे दुकान-कार्यालय असेल किंवा व्यवहार घडला असेल, तिथे. आपल्या घरांत लग्नाची खरेदी नागपूरला करायची पद्धत. पैठणी घरी आणून घडी मोडली आणि जर खोटी निघाली, तर भांडायला पुन्हा नागपूर! आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. भोसल्यांच्या काळापासून रायपूरचा माणूस नागपूरला दाद मागायला जात होता, आता नागपूरच्या दुकानदाराने रायपूरला यायचे. मोबाईलवरून मागवलेल्या मालालाही हेच लागू.

बाकीचे नियम थोडक्यात. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. ती घरबसल्या संगणकावरूनही दाखल होते. समोरच्याने उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला स्पष्ट केले. अपील करणाऱ्याला आता निम्मी रक्कम भरावी लागते, पंचवीस हजारांची सवलत गेली. त्याआधी नुसती चौकशी किंवा समेट हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाईनचा क्रमांक आहे. आणि वकिलाच्या सेवेबद्दल मात्र इथे तक्रार चालणार नाही, असा निकाल मे २०२४ मध्ये आला आहे. आपल्या मंडळातील वकील सभासदांनी निश्चिंत असावे!

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात. देशभर आयोगांतल्या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या, की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वकील लागत नाही म्हणतात, पण समोर कंपनीचा वकील उभा राहिला की सामान्य माणसाचे पाय लटपटतात. अंतर किलोमीटरमध्ये कमी झाले, तारखांमध्ये अजून तितके झालेले नाही. आणि ज्याच्यापाशी कागद नाही त्याला आयोग काय देणार? आपण अजूनही कर वाचवायला कच्ची चिठ्ठी घेऊन घरी येतो. बाबांच्या फाईलमधले पहिले पान पक्के बिल होते, म्हणून पुढचे सगळे झाले.

हा लेख आईला वाचून दाखवला. काकूंची गोष्ट ऐकताना ती मधेच म्हणाली, की त्या पाच तारखांपैकी दोनदा डबा तिने करून दिला होता. आणि फ्रिजबद्दल तिचे म्हणणे असे, की नव्या कॉम्प्रेसरनंतर त्याचा दरवाजाही नीट लागत नव्हता, ते लिहायचे राहिले.